श्वास सासूमार्फत

नाव : अच्युत मोरेश्वर धैर्यवान. आडनाव वंशपरंपरागत, त्यात सदर इसमाचा दोष नाही. ज्ञाती : पाठारे प्रभू. राहणार : गिरगाव, खोल्या दोन, पैकी एक आईच्या ताब्यात व दुसरीवर आईची नजर. हुद्दा : तंत्रज्ञ, क्ष-किरण विभाग, लालबागमधील एक धर्मादाय रुग्णालय. वय : लग्नाचे, आईच्या मते उलटून चाललेले. उंची : मध्यम, परंतु मान सदैव खाली असल्यामुळे मोजण्यास अडचण. ओळखीची खूण : स्त्री समोर आल्यास नजर पायाच्या अंगठ्यावर, तीही स्वतःच्या. वर्तणूक : उत्तम. स्त्री-रुग्णांची तक्रार : एकही नाही. शेरा : असे कर्मचारी संस्थेस भूषणावह होत.

हा शेरा रुग्णालयाचे चिटणीस अप्पासाहेब कीर्तिकर दरवर्षी स्वहस्ते लिहीत, आणि दरवर्षी तो खरा असे.

एक्स-रेला लालबाग-परळात तेव्हा कोणी एक्स-रे म्हणत नसे. ‘फोटो’ म्हणत. आणि ‘छातीचा फोटो’ हे दोन शब्द शेजारी आले की चाळीतली सून दाराआड सरके आणि सासूच्या कपाळावर आठी चढे. अंधारी खोली, परका पुरुष, गुरगुरणारं यंत्र, आणि काढायचा काय तर छातीचा फोटो! लग्नात सुद्धा ज्यांचा फोटो निघाला नव्हता, त्या बायका या कल्पनेने खोकला आठ-आठ महिने पदरात दाबून ठेवत. अशा मुलखात धैर्यवानांसारखा माणूस नेमला जाणं हा योगायोग होता. तो सुयोग होता की दुर्योग, हा पुढचा विषय.

धैर्यवानांना हे काम ज्या साहेबांनी शिकवलं, त्यांनी एक नियम घालून दिला होता : स्त्री-रुग्णास हात लावण्यापूर्वी तिला विचारावे. नियम चांगला होता. पण विचारायचं तर बोलायला हवं, बोलायचं तर तिच्याकडे बघायला हवं, आणि बघायचं तर आपण बघतो आहोत हे तिला दिसणार. धैर्यवानांनी बराच विचार केला आणि नियमाच्या अलीकडच्या काठावरच मुक्काम ठोकला. हात लावायचाच नाही, म्हणजे विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

वास्तविक छातीच्या फोटोत यंत्रानेच पुष्कळशी सभ्यता पाळलेली असते. रुग्णाने छाती फिल्मच्या पेटीला टेकवून उभं राहायचं; तंत्रज्ञाकडे पाठ. पण धैर्यवानांना पाठीचाही संकोच वाटे. विभागाला गंगूबाई नावाची आया मंजूर होती. ती मात्र बाळंतिणींच्या वॉर्डातच असायची, कारण मुलं वेळ ठरवून जन्माला येत नाहीत. तेव्हा धैर्यवानांनी स्वतःची एक पद्धत बसवली. बाईबरोबर जी कोणी आली असेल, बहुधा सासू, तिच्यामार्फत बोलायचं. तेही तिच्याकडे बघून नव्हे. भिंतीकडे बघून.

“त्यांना सांगा, हनुवटी वर,” धैर्यवान भिंतीला सांगत.

“शेवंते, तोंड वर कर,” सासू राधाबाई सुनेला सांगे. “घरी तर बरं वर असतं.”

“खांदे पुढे म्हणावं.”

“खांदे पुढे घे गो. एवढे नको! हातगाडी ढकलतेस काय?”

“आता मोठा श्वास घ्यायला सांगा.”

“श्वास घे. घेतलास? नाय घेतला, फोटोवाले. ही कुठलं काम एका सांगण्यात करील तर शप्पत.”

“घेतला की रोखून धरायला सांगा.”

“धरून ठेव म्हणतायत. काय धरून ठेव म्हणजे? श्वास गो! सोडलास? सोडलान् हिनं. परत घेऊ दे?”

धैर्यवानांनी सोडलेला हुकूम सासूच्या तोंडून सुनेच्या छातीत पोहोचेपर्यंत सुनेने तो श्वास सोडून दुसरा घेतलेला असे, कधी कधी उत्तरही दिलेलं असे. अशा वेळी धैर्यवान शिशाच्या आडोशामागे उभे राहून, अंदाजाने, डोळे मिटून बटण दाबत. डोळे मिटण्याची शास्त्रीय गरज काहीच नव्हती.

पुरुषांची गोष्ट वेगळी. खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला काढायची तर कोपर पुढे, खांदे आत, हे काम ते पुरुष रुग्णाच्या बाबतीत गोणी सरकवावी तसं दोन्ही हातांनी उरकत. “श्वास घ्या! धरा! सोडा!” असं ओरडत, की गिरणीतला खाडा करून आलेला माणूसही ताठ उभा राही. बायकांच्या बाबतीत पाती जिथे असत तिथेच राहत. गळ्यातलंही राहत असे. परक्या पुरुषाने सवाष्ण बाईला ‘मंगळसूत्र काढा’ म्हणायचं? धैर्यवानांच्या जिभेला हे वाक्य उचलवतच नसे. त्यामुळे लालबागमधल्या बायकांच्या फुफ्फुसांवर वाट्या, मणी, पुतळ्या आणि बोरमाळा यांचं एक कायमचं प्रदर्शन भरलेलं असे.

आणि लौकिक? लौकिक असा, की काळाचौकीपासून चिंचपोकळीपर्यंतच्या सासवा म्हणत, “सुनेचा फोटो काढायचा तर तिथंच काढा. देवमाणूस आहे. बाईकडे ढुंकून बघत नाय.” दुसऱ्या दवाखान्यात जवळ सोय असलेल्या बायकाही चालत इथे येत. धैर्यवानांना हे कळत होतं. त्यांना त्याचा अभिमानही होता. माणसाला कशाचा तरी असावा लागतो.

घरी याच गुणाचं कौतुक कमी होतं. आईने, म्हणजे दुर्गाबाईंनी, त्यांना एकदा मुलगी बघायला नेलं. परत आल्यावर बेबीने, धाकट्या बहिणीने, विचारलं, “दादा, कशी आहे?” धैर्यवानांनी चहाच्या ट्रेवरच्या नक्षीचं सविस्तर वर्णन केलं. मासळी आणायला तर आई त्यांना पाठवतच नसे. कोळणीने जो भाव सांगितला त्यावर धैर्यवान मान डोलावत, आणि कोळणीलाच वाईट वाटून ती दोन बोंबील वर घालत असे. पाठारे प्रभूच्या घरात हे लांच्छन होतं. त्यामुळे मासळीचा व्यवहार दुर्गाबाई दारात बसून स्वतः करत आणि धैर्यवान आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागे बसून लहानपणापासून तो ऐकत आले होते. “हे सरंगे? यांचे डोळे बघ, मेल्यांना उपास घडलेत! कल्ले उघड. उघड म्हणते ना!” ही वाक्यं त्यांना शाळेतल्या प्रार्थनेइतकी पाठ होती. उपयोग मात्र कशाचाच कधी झाला नव्हता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठून ना कुठून मोर्चा निघे आणि रुग्णालयात दोन प्रकारची माणसं येत : डोकं फुटलेली आणि घसा बसलेली. दुसऱ्या प्रकारासाठी जुन्या डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्यांचा कायमचा उपाय ठरवून ठेवला होता. खोकला म्हटला की ते विचारत, “मोर्च्याला गेला होतात?” गेलोच होतो, असं ऐंशी टक्के लालबाग म्हणे. मग पुढे तपासायची गरज राहत नसे. मुंबई मिळाली की खोकला जाईल, असं जवळजवळ सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी छातीच्या रोगांवर शिकून आलेल्या डॉ. सुमती तळपदे आल्या. बाईंचा आवाज स्वच्छ आणि चाल भराभर. त्यांनी पहिल्या आठवड्यात कपाटातल्या सगळ्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून बघितल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी धैर्यवानांना बोलावलं.

“धैर्यवान, हे पुरुषांचे फोटो. परीक्षेत नमुना म्हणून लावावेत असे. तुम्हीच काढलेत?”

“हो,” धैर्यवान आपल्या अंगठ्याला म्हणाले.

“आणि हे बायकांचे. हेही तुम्हीच?”

“हो.”

“ही बाई श्वास सोडतेय. हिने घेतलाच नाहीये. ही बोलतेय.”

“बोलणं फोटोत येतं?”

“छाती हलते, धैर्यवान. ही बहुतेक सासूला उलट उत्तर देतेय. शाबास तिची. पण मला फुफ्फुस बघायचंय.” बाईंनी आणखी एक फिल्म लावली. “आणि हिच्या उजव्या फुफ्फुसावर हे गोल गोल काय आहे?”

धैर्यवानांनी मान वर न करता सांगितलं, “पुतळ्यांची माळ असावी.”

“माझ्या आधीच्या डॉक्टरांनी तसंच लिहिलंय. ‘अलंकार स्पष्ट. बाकी ठीक.’ बाकी कुठे दिसतंय त्यांना? तुमच्या बायकांना वरच्या अंगाला फुफ्फुसच नाही. निम्म्या जागी हाड, निम्म्या जागी सोनं.”

“त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी…”

“संकोच वाटला नाही ना? उत्तम. क्षयालाही वाटला नाही. तो फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला बसतो, गळ्याच्या हाडामागे. नेमकं तेच टोक तुम्ही झाकून ठेवलंय. सभ्यपणाने.”

धैर्यवानांनी अंगठ्यावरची नजर उचलून फिल्मवर ठेवली.  बाईंच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला.

“ही रखमा. वरळीच्या कोळीवाड्यातली. लालबागच्या बाजारात मासळी विकते. सहा महिने खोकतेय. संध्याकाळी अंग गरम, वजन उतरतंय. दोनदा फोटो काढलाय. दोन्हींत माळ. केसपेपरवर आधीच्यांनी लिहिलंय, ‘घोषणांमुळे घसा.’ मी उद्या तिला परत बोलावलंय. क्षय असेल तर आता औषध आहे, बरी होईल. उशीर झाला तर औषध असून काय करू? मला तिचं वरचं टोक दाखवा.”

“आपण स्वतः येऊन उभं कराल तर बरं…”

“करीन की. उद्या एकीला करीन. परवा येईल तिला? तुम्ही पुन्हा भिंतीशी बोलणार. नाही धैर्यवान, तुम्हीच करायचं.”

त्या रात्री घरी कोळंबीचं भानोलं होतं. धैर्यवानांनी अर्धंच खाल्लं. “अच्युतला बरं नाही,” असं आईने शेजारी जाऊन सांगितलं, कारण या घरात भानोलं उरण्याला दुसरा अर्थच नव्हता. धैर्यवान अंथरुणावर पडून आजवरच्या सगळ्या सुना आठवू लागले. चेहरे आठवेनात. कधी बघितलेच नव्हते. आठवत होत्या त्या सासवा, आणि त्याही भिंतीवर. फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो, या विचारावर त्यांनी इतकी वर्षं बेतशीर झोप काढली होती. बाईच्या बाबतीत ती सवलत नसते, हे त्यांना प्रथमच उघड्या डोळ्यांनी दिसलं.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याच्या बाजूने मोर्चा येत होता. घोषणा खिडकीतून आत येत आणि यंत्राच्या घरघरीत मिसळत. रखमा सासूबरोबर आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून सासू काशीबाई आधी आत शिरली. दंडावर वाक्या, अंबाड्यात फूल, आणि बोलण्यात अधिकार.

“डागदर, हिला कायपन नाय झालेला,” काशीबाईने सुरुवात केली. धैर्यवान डॉक्टर नाहीत हे तिला सांगण्याची कोणाची छाती नव्हती. “मोर्च्यान बोंबलून बोंबलून घसा बसलाय. मुंबईसाठी खोकते ती. आमच्या कोलीवाड्यान हिच्यावानी घोशना कोन देत नाय.”

रखमा दारापाशीच उभी राहिली. बाजारात हिचा आवाज पुलापर्यंत जातो असं म्हणत. इथे, रुग्णालयाच्या सदऱ्यात, खांदे पडलेले, मान खाली, ती इतर कुठल्याही बाईसारखी दिसत होती. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या खाली पुतळ्यांची माळ.

धैर्यवान भिंतीकडे वळले. मग, मोठ्या कष्टाने, परत फिरले. नजर जमिनीवरून उचलून रखमाच्या हातातल्या बांगड्यांपर्यंत आणली. तिथून पुढे जाईना.

“गळ्यातलं,” ते म्हणाले, आणि थांबले.

“गल्यातलं काय?” काशीबाई.

“ते… फोटोत येतं.”

“येऊ दे की! सोन्याचं हाय. चोरीचं नाय.”

“फुफ्फुस दिसत नाही त्याच्यामागे. काढावं लागेल.”

काशीबाईचे हात कमरेवर गेले. “माजा लेक दर्यावर गेलाय. तो दर्यान असताना हिच्या गल्यातलं काढायला सांगतोस? तुला आईबाप हायत का नाय?”

“आई आहे,” धैर्यवान म्हणाले. खरं होतं ते.

आजवर या टोकाला त्यांनी कधीच माघार घेतली असती. पण कालचं ‘वरचं टोक’ डोक्यात घणघणत होतं. धैर्यवानांच्या तोंडून, त्यांनाच अनोळखी वाटणाऱ्या आवाजात, शब्द निघाले : “रखमाबाई, तुम्हीच सांगा. काय करू या?”

 रखमाने प्रथमच वर बघितलं.

“अगं बया, ह्यो माज्याशी बोलाया शिकला!” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण होता. “गेल्या दोन टायमाला भिंतीला इचारत व्हतास. मी म्हनलं भिंतीला खोकला झाला का काय.” मग तिने थोडा विचार केला, पुतळ्यांची माळ काढून सासूच्या हातात दिली आणि मंगळसूत्र गळ्यातून न काढता वर सरकवलं, कानांवरून, केसांवरून, आणि अंबाड्याला वेढा दिला. डोक्यावर काळ्या मण्यांचा मुकुट. “काडला नाय. वर चडवला. बास?”

काशीबाईने सगळ्या बाजूंनी निरखून बघितलं. धर्म बुडाल्याची खूण कुठे सापडेना. “बास,” ती नाइलाजाने म्हणाली.

सोनं सुटलं. राहिले खांदे आणि श्वास.

रखमा पेटीला छाती लावून उभी राहिली. धैर्यवान म्हणाले, “हात कमरेवर ठेवा, तळवे मागे, कोपर पुढे.” तिने ठेवले, पण तिचे खांदे पुन्हा गळून पडले. यंत्रासमोर सगळ्याच बायकांचे पडतात. धैर्यवानांनी हात पुढे केला, तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबवला. “हात लावू का? खांदा सरकवायला?”

“नगं,” रखमा म्हणाली. “मी करते.”

विचारलं, उत्तर आलं, आणि आभाळ कोसळलं नाही. धैर्यवानांना याचंच इतकं नवल वाटलं की पुढचं सांगायचं राहिलं. शिशाच्या आडोशामागे जाऊन ते म्हणाले, “मोठा श्वास घ्या.” आवाज निघाला तो अंगठ्याशी बोलण्याचा.

“श्वास घे गो,” काशीबाईने सवयीने पुढे पोहोचवला. “घेतलास? मोठा घे. मोर्च्यान घेतेस तसा.”

रखमाने घेतला, मधेच खोकली. खांदे पुन्हा खाली. बटण दाबलं गेलं होतं. एक फिल्म फुकट. दुसऱ्या वेळी काशीबाईने “धर!” म्हणेपर्यंत श्वास निघून गेला. दुसरी फुकट. घामाने धैर्यवानांचा सदरा पाठीला चिकटला. आडोशाच्या काचेतून त्यांना रखमाची वाकलेली पाठ दिसत होती, आणि या पाठीमागे, पात्यांच्या दोन बोटं वर, काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

कदाचित तिसरीही फुकट गेली असती. पण बाहेर ठेवलेल्या पाटीचा वास खोलीत शिरला, ताजा, खारट, आणि धैर्यवानांच्या तोंडून, त्यांनी ठरवलं नसताना, आईचा आवाज निघाला :

“ते बाहेरचे सरंगे कालचे दिसतात.”

रखमा गर्रकन वळली.

हात कमरेवर, तळवे मागे. कोपर पुढे. खांदे रुंद. हनुवटी वर. धैर्यवान बघतच राहिले. बाईकडे. सरळ, थेट. साहेबांनी शिकवताना फळ्यावर काढलेलं चित्र जिवंत होऊन त्यांच्यासमोर उभं होतं. चूक एकच होती : त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं.

“कालचं? कोन बोलला कालचं?” रखमा म्हणाली.

“तिकडे तोंड करून बोला!” धैर्यवान ओरडले.

“भांडन तुज्याशी नि तोंड भिंतीकडं?”

“मी तुमच्याशी भिंतीकडे तोंड करून बोललो की नाही? आता तुम्ही बोला!”

या युक्तिवादात काहीतरी न्याय होता; निदान रखमाला तो दिसला. ती पेटीकडे वळली, हात होते तिथेच ठेवून, आणि हनुवटी वर टेकवून म्हणाली, “बोल आता. काय नाव ठेवतोस माज्या मासलीला?”

आडोशामागे धैर्यवानांनी एक हात बटणावर ठेवला आणि डोळे उघडे ठेवले. “सरंगे म्हणतेस यांना? डोळे बघ यांचे, मेल्यांना उपास घडलेत! कल्ले उघड. उघड म्हणते ना!” घाईत ते आईच्या क्रियापदासकट बोलले. “याला ताजं म्हणायचं तर गिरगावात सुकं कोणाला म्हणायचं?”

काशीबाईचा आ वासला. रखमाची पाठ ताठ झाली, खांदे पुढे आले, बरगड्या फुगल्या. खोल, सावकाश, तळापर्यंत. कोळीण गिऱ्हाइकाला उत्तर देण्याआधी जो श्वास घेते, तो. या श्वासात समोरच्याचं सगळं घराणं मावलं पाहिजे, अशा बेताने घेतलेला.

“थांबा!” धैर्यवान गरजले.

रुग्णालयात या माणसाचा इतका मोठा आवाज बाईच्या बाबतीत कोणी कधी ऐकला नव्हता. रखमाचा श्वास होता तिथे अडकला. काशीबाईचाही. दाराबाहेर ओळीने बसलेल्या बायकांचाही अडकला असावा. यंत्र खाट्‌ वाजलं.

“सोडा,” धैर्यवान म्हणाले.

रखमाने सोडला. त्याबरोबर जे बाहेर पडलं ते सगळं इथे देण्याचं कारण नाही. “शेंदाड्या” हा त्यातला सर्वांत मवाळ शब्द. धैर्यवानांच्या आजोबांनी सरंगा बघितला होता तो फक्त ताटातच, आणि तोही शेजाऱ्याच्या, असा एक मुद्दा होता. त्यांना मासा ओळखता येत नसेल तर बायकोही ओळखता येणार नाही, असा दुसरा होता. मधे दोनदा खोकला आला, पण भाषण पुरं झालं. काशीबाईने पाटी दारातून आत आणून एक सरंगा धैर्यवानांच्या नाकाशी धरला. “हुंग! हुंग मेल्या! पहाटंचा हाय!” बाहेरच्या बायका दारात गोळा झाल्या आणि त्यांच्या मागून, टाचा उंचावून, चिटणीस अप्पासाहेब कीर्तिकर.

“ताजा आहे,” धैर्यवानांनी कबुली दिली. “चुकलं माझं.” आणि ते काळ्या खोलीत निघून गेले.

फिल्म औषधाच्या पाण्यात हळूहळू उमटू लागली. लाल दिव्याखाली प्रथम बरगड्या आल्या, मग हृदयाची सावली, मग दोन्ही फुफ्फुसं, तळापासून टोकापर्यंत, स्पष्ट. खांद्याची पाती बाजूला. सोनं नाही. हाडामागचा कोपरा उघडा. लालबागमधल्या बाईचा इतका नीट फोटो या खोलीत पूर्वी उमटला नव्हता. आणि उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, धुक्यासारखा एक डाग होता. धैर्यवान बराच वेळ फिल्म धरून उभे राहिले. पाणी निथळून बुटावर पडत होतं.

ते बाहेर आले तेव्हा रखमा बाकावर बसली होती. मंगळसूत्र परत गळ्यात आलं होतं. काशीबाई बाहेर जमलेल्या बायकांना हकीकत सांगण्यात गुंतली होती.

“आला काय?” रखमाने विचारलं.

“आला. चांगला आला.” धैर्यवान थांबले. “म्हणजे फोटो चांगला आला. बाकीचं डॉक्टरीणबाई सांगतील.”

रखमाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, कारण आता खाली बघणं खोटं झालं असतं.

“हाय ना कायतरी?”

“मला सांगायचा अधिकार नाही.”

“तुज्या तोंडावर लिवलाय.” तिने गळ्यातलं मंगळसूत्र नीट केलं. “मना ठाव व्हता. घोशनेनं रात्रीचा घाम येतो काय? पन समदी बोलतात घोशना, मंग मीपन बोलले घोशना. नि तू दोन टायमाला सासूशी बोललास. छाती माजी, बोलनं सासूशी.”

“हो,” धैर्यवान म्हणाले. “चुकलं.”

“आज किती येला चुकलास रे तू,” रखमा म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला. धैर्यवानांनी पाण्याचा पेला आणून दिला. पेला तिच्या हातात दिला, भिंतीच्या नव्हे.

डॉ. तळपद्यांनी फिल्म उजेडावर लावली, बघितली, आणि गळ्याच्या हाडाखालच्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “धैर्यवान, हे कसं जमवलंत?”

“भांडण झालं,” धैर्यवान म्हणाले.

“रोज कराल?”

रोज करावं लागलं नाही. पुढच्या दिवसांत त्यांच्या असं ध्यानात आलं, की बाईला नीट विचारलं तर ती बहुधा नीट सांगते, आणि नाही म्हणाली तर तेही सांगते. शेवंती पुन्हा आली तेव्हा त्यांनी सासूला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, “खांद्याला हात लावू का, की तुम्ही सरकवता?” शेवंती म्हणाली, “लावा हो. घरी सैंपाक पडलाय.” विटाबाई म्हणून एक होती, ती म्हणाली, “हात लावलास तर तोडीन.” धैर्यवानांनी स्वतः पेटीला टेकून उभं राहून दाखवलं. तिने बघितलं, हसली, आणि बरोबर तसंच केलं. मंगळसूत्र वर चढवण्याची पद्धत लालबागमध्ये इतकी रुळली, की काही बायका फोटो नसतानाही विभागाच्या दारापाशी आपोआप मान वाकवत.

लौकिक मात्र गेला. “पूर्वी देवमाणूस होता,” राधाबाई बाकावर बसून नव्या सासवांना सांगे. “आता सुनेशी बोलतो. सासूला दारात बसवून.” चिंचपोकळीच्या दोन सासवांनी सुना दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. दुर्गाबाईंच्या कानावर मासळीचं प्रकरण गेलं तेव्हा त्यांनी मुलाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला : “कल्ले बघितलेस का? न बघता कालचे म्हणालास? माझं नाव घालवलंस.”

महिन्याअखेरीस अप्पासाहेब कीर्तिकरांनी, त्या दिवशी दारातून पाहिलेल्याला स्मरून, नवा शेरा लिहिला :

‘सदर तंत्रज्ञाने कामाच्या वेळात, क्ष-किरण यंत्र चालू असता, स्त्री-रुग्णाशी मासळीच्या ताजेपणाबाबत जाहीर वाद घातला, तिला पाठ फिरवून भांडण्यास भाग पाडले, व तदनंतर “थांबा” असे उच्च स्वरात उच्चारले. हे वर्तन स्त्री-दाक्षिण्याच्या तत्त्वास सोडून असून संस्थेच्या लौकिकास बाधक आहे. सबब त्यांस समज देण्यात येत आहे की, यापुढे स्त्री-रुग्णाशी थेट बोलणे आवश्यक वाटल्यास तिच्यासमवेतच्या ज्येष्ठ स्त्रीची पूर्वसंमती घ्यावी.’

रखमाला क्षय होता. दीड वर्ष औषध घेऊन ती बरी झाली.